आधी पान बघा, मग फूल

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर या पट्ट्यात बाग करणारे भाग्यवान आहेत. इथे बर्फ पडत नाही, थंडी बेताची, उन्हाळा कडक असला तरी रात्री बऱ्याच ठिकाणी सुसह्य. त्यामुळे ब्राझील, मेक्सिको, चीन, मादागास्कर अशा कुठकुठच्या शोभेच्या झाडांनी आपल्या अंगणात बस्तान बसवलं आहे. पंचाईतही तिथूनच सुरू होते. शेजारी प्रेमाने फांदी देतात, नर्सरीत एक नाव सांगतात, मोबाइल दुसरंच दाखवतो आणि झाड भलत्याच पद्धतीने वाढवलं जातं. या वेळी आलेले बरेच प्रश्न ‘हे नक्की काय आहे?’ या एकाच गोष्टीभोवती फिरतात. म्हणून ओळख आणि निगा यांची उत्तरं एकत्रच देत आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक झुडूप आहे. त्यावर एकाच वेळी गडद जांभळी, फिकट जांभळी आणि पांढरीशुभ्र फुलं असतात. मोबाइलमधलं ॲप दर वेळी वेगळं नाव दाखवतं. माळीदादा म्हणतात, तीन झाडांचं कलम केलेलं आहे. खरं काय?
(सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : कलम नाही. झाड एकच आहे आणि फूलही एकच आहे, फक्त त्याचं वय वेगवेगळं आहे. हे ब्रनफेल्सिया. काही जण त्याला ‘काल-आज-उद्या’ म्हणतात. मूळचं ब्राझीलचं. कळी उमलते तेव्हा फूल गडद जांभळं असतं, मध्यभागी छोटासा पांढरा ठिपका. दुसऱ्या दिवशी ते फिकट होतं आणि तिसऱ्या दिवशी जवळपास पांढरं. कळ्या रोज उमलत असल्यामुळे तिन्ही दिवसांची फुलं शेजारीशेजारी दिसतात. एका कळीच्या देठाला दोरा बांधा आणि तीन सकाळी तिचा फोटो काढा. माळीदादांनाही दाखवा, त्यांना आवडेल.

पाकळीतला जांभळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते ॲन्थोसायनिन उमलल्यानंतर झाड स्वतःच मोडून टाकतं. आपल्या ओळखीच्या मधुमालतीत नेमकं उलट घडतं. तिचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी होतं आणि शेवटी लाल, कारण तिथे हा रंग नंतर तयार होत जातो. पांढऱ्या, सुगंधी फुलाकडे रात्रीचे पतंग येतात, रंगलेल्या फुलाकडे दिवसा मधमाश्या आणि इतर पाहुणे. घाणेरीच्या गुच्छात आतली ताजी फुलं पिवळी आणि बाहेरची जुनी फुलं केशरी किंवा गुलाबी असतात. मध पिवळ्या फुलांत असतो आणि फुलपाखरं बरोबर तिथेच सोंड घालतात. म्हणजे रंग बदलणं हा फुलाकडून आलेला निरोपही असतो.

आता ॲपबद्दल. ॲप चुकतं, कारण आपण त्याला फक्त फुलाचा जवळून काढलेला फोटो देतो. पाच पाकळ्यांची जांभळी फुलं जगात असंख्य आहेत. फूल ही झाडाची सर्वांत फसवी बाजू. त्याचा रंग वयाने बदलतो, नर्सरीवाले पाकळ्या दुप्पट करतात, उन्हाने छटा बदलते. पान आणि खोड मात्र इतक्या सहज बदलत नाहीत. फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे आधी बघा. पान तोडल्यावर चीक येतो का, ते बघा. पान चुरगळून वास घ्या. पानाची पाठ बघा, तिच्यावर लव आहे का. देठाशी काटा, आकडा किंवा गोल वळं आहे का. फुलाकडे सगळ्यांत शेवटी वळा आणि तेव्हाही समोरून एक फोटो आणि बाजूने एक. बाजूने पाहिल्याशिवाय फुलाची नळी दिसत नाही. तुमच्या झुडपाची पानं एकाआड एक आहेत, चीक नाही आणि फुलाखाली बारीक नळी आहे. वांगी-टोमॅटोच्या कुळातलं झाड आहे हे.

निगा सोपी. सकाळचं ऊन, दुपारी सावली. फुलांचा बहर संपला की लगेच छाटणी करा. उशिरा छाटलंत तर पुढच्या कळ्याच कापल्या जातील. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर मातीत चुना जास्त झाला आहे आणि झाडाला लोह मिळत नाही असं समजा. शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि थोडं चिलेटेड लोह याने सुधारतं. एक महत्त्वाची गोष्ट : याची फळं आणि बिया कुत्र्यांना विषारी आहेत. सोसायटीत कुत्री मोकळी फिरत असतील तर फळं धरलेली दिसताच काढून टाका.

प्रश्न : सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा… हे सगळे एकमेकांचे कोण लागतात? आम्ही लावलेला ‘चाफा’ हिवाळ्यात निष्पर्ण झाला. पाणी वाढवलं तर बुंधा मऊ पडला. वाचेल का?
(सातारा)

उत्तर : एकमेकांचे कोणी लागत नाहीत. तुमच्या झाडाचं नुकसान झालं ते याच घोटाळ्यामुळे.

सोनचाफा हा मॅग्नोलियाच्या कुळातला, आपल्याच उपखंडातला मोठा वृक्ष. त्याच्या कोवळ्या फांदीवर प्रत्येक पेराशी एक बारीक गोल वळं उमटलेलं असतं. नवं पान ज्या आवरणात गुंडाळलेलं असतं ते गळून पडल्याची ती खूण. फूल नसतानाही या वळ्यावरून सोनचाफा ओळखता येतो. कवठी चाफाही मॅग्नोलियाच.

पांढरा चाफा, ज्याला आपण देवळाच्या आवारात बघतो, तो अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेला प्लुमेरिया. सतराव्या शतकातल्या शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं. तो कण्हेरीच्या कुळातला. फांदी जाड, मांसल, आणि कुठेही खरचटलं की पांढरा चीक ओघळतो. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. तो झुडूपवजा वेल आहे, त्याला वाकडे आकडे असतात आणि त्या आकड्यांनी तो आधार पकडतो. फूल आधी पानासारखंच हिरवं असतं, पिवळट पडलं की त्याचा वास घरभर होतो. आधी वास येतो आणि फूल नंतर सापडतं, असा अनुभव तुम्हीही घेतला असेल. नागचाफ्याची पानं समोरासमोर, कोवळेपणी तांबडी, आणि पांढऱ्या चार पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या केसरांचा झुपका. भुईचाफा तर हळद-आल्याच्या कुळातला कंद. भर उन्हाळ्यात पानांच्या आधी फूल थेट जमिनीतून वर येतं, पानं नंतर पावसाच्या सुमाराला. ज्यांना हे माहीत नसतं ते उन्हाळ्यात रिकामी दिसणारी कुंडी उपटून ठेवतात आणि कंद वाया जातो.

तुम्ही वर्णन केलंय ते झाड पांढऱ्या चाफ्याचं, आणि त्यातही टोकदार पानांच्या जातीचं. प्लुमेरियाच्या दोन जाती आपल्याकडे जास्त दिसतात. एकीच्या पानाला टोक असतं. ती हिवाळ्यात सगळी पानं गाळून नुसत्या फांद्यांनी उभी राहते, उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा फुलते. दुसरीच्या पानाचं टोक गोलसर, पान गडद आणि चकचकीत. ती बहुधा बारा महिने हिरवी राहते. टोकदार पानांच्या चाफ्याने डिसेंबरात पानं टाकली म्हणजे तो विश्रांती घेतोय. त्या काळात त्याला पाणी जवळपास नकोच. पान नसलेलं झाड पाणी ओढत नाही, मुळांशी ते साचून राहतं आणि मूळ कुजत वर सरकतं. तुमचा बुंधा म्हणूनच मऊ पडला.

वाचवायचं असेल तर आजच शेंड्याकडच्या टणक फांद्या कापा, दीड फुटाच्या. काप पूर्ण पांढरा हवा. आत तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. चीक पुसा आणि फांद्या सावलीत आठवडाभर नुसत्या पडू द्या. कापाचं तोंड कोरडं, घट्ट झालं की अर्धी वाळू घातलेल्या मातीत चार बोटं खोल लावा. पहिलं पान फुटेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवा. पावसाळ्यात पानाच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा आहे. ती पानं गोळा करून नष्ट करा, झाडाखाली कुजत ठेवू नका.

सोनचाफा लावायचा असेल तर त्याला हे सगळं लागू नाही. त्याचं रोप बियांचं घेतलंत तर फुलांसाठी बरीच वर्षं थांबावं लागतं, कलम घेतलंत तर वर्ष-दोन वर्षांत फुलं येतात. काळ्या चिकण मातीत मात्र त्याचा जीव गुदमरतो. खड्ड्यात मुरूम आणि शेणखत भरा, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, आणि कलमाच्या जोडाखालून फुटवा आला की लगेच खुडा. तो फुटवा जोमाने वाढतो आणि वरचं कलम मारून टाकतो. वसई भागातले शेतकरी हीच फुलं भल्या पहाटे दादरच्या फुलबाजारात आणतात. वेळेवर छाटलेल्या, हाताला येतील इतक्या बुटक्या झाडांवर त्यांची भिस्त असते. तुम्हीही शेंडा मारून झाड बुटकंच ठेवा.

प्रश्न : आमच्याकडच्या ब्रह्मकमळाला चार वर्षांत एकही कळी नाही. आणि हे खरं ब्रह्मकमळ नाही, असंही कुणी म्हणालं.
(गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : कुणी म्हणालं ते बरोबर आहे, पण त्याने वाईट वाटून घेऊ नका. ब्रह्मकमळ म्हणून उत्तराखंडाने ज्याला राज्यपुष्पाचा मान दिला ते हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवतं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याची खरी फुलं जांभळट आणि बारीक असतात, आणि कागदासारख्या पातळ, फिकट पिवळसर पानांच्या ओंजळीत दडलेली असतात. ते नाशिकला जगणार नाही. कुणी रोप विकत असेल तर घेऊ नका, ते डोंगरावरून उपटून आणलेलं असणार.

तुमच्याकडे आहे तो निवडुंग आहे, एपिफायलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं झालेलं खोड. त्या खोडाच्या कडेला खाचा दिसतात. कळी त्या खाचेतूनच येते, आणि म्हणूनच ‘पानातून फूल आलं’ असं आपण कौतुकाने सांगतो. मूळ ठिकाणी हा झाडांच्या फांद्यांवर, साठलेल्या पाल्यात मुळं रोवून राहतो. त्याला निवडुंग म्हणून वाळूत आणि रणरणत्या उन्हात ठेवलं तर तो पिवळा पडतो. साधं झाड समजून मोठ्या कुंडीत काळ्या मातीत लावलं तर मुळं कुजतात. बहुतेक घरांत यातलं दुसरं होतं.

कळी न येण्याची कारणं तीनच. दाट सावली, अतिमोठी कुंडी आणि नत्राचा मारा. त्याला सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळेल अशा जागी हलवा. कुंडी लहान घ्या, तिच्यात पानकुजीचं खत, नारळाचा भुसा आणि विटांचे बारीक तुकडे भरा. हिवाळ्यात पाणी कमी करा, मार्चपासून वाढवा. शेणखताची स्लरी दर आठवड्याला ओतत असाल तर थांबवा. जुनं, कडक झालेलं खोड कापू नका, फुलं त्यावरच येतात. पावसाळ्याच्या सुमाराला कळ्या दिसल्या की कुंडीची जागा बदलू नका, कळ्या गळतात. कळीचा देठ आधी खाली लोंबतो आणि उमलण्याच्या दिवशी तिचं तोंड वर उचललेलं दिसतं. त्या संध्याकाळी घरी थांबा. नऊच्या सुमाराला पाकळ्या सुटायला लागतात, मध्यरात्री फूल पूर्ण उघडतं, आणि सकाळी ते मान टाकून लोंबत असतं.

प्रश्न : आम्ही सॅन होजेला राहतो. मोगऱ्याच्या ओढीने तीन वेळा ‘जॅस्मिन’ आणलं. एक कुंपणभर पसरलं, एकाला गुलाबी कळ्या येतात, एकाला पिवळी फुलं. मोगरा काही मिळाला नाही.
(कॅलिफोर्निया)

उत्तर : तुमच्याकडे बहुधा तीन वेगवेगळी झाडं आहेत आणि त्यांतलं फक्त एकच खऱ्या जाई-मोगऱ्याच्या गोतातलं आहे.

कुंपणभर पसरलेल्याचं एक पान तोडून बघा. चीक आला तर ते ‘स्टार जॅस्मिन’, ट्रॅकेलोस्पर्मम. पांढऱ्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका बाजूला वळलेल्या असतील. ते आपल्या तगरीच्या आणि कण्हेरीच्या कुळातलं. मोगरा, जाई, जुई, कुंद यांपैकी कुणालाही चीक नसतो, त्यामुळे ही परीक्षा कधी चुकत नाही. गुलाबी कळ्यांचं आहे ते जॅस्मिनम पॉलिअँथम, चीनकडचं. तिकडे हिवाळा सरता सरता ते भरभरून फुलतं. आपल्या जाईच्या कळीलाही बाहेरून गुलाबी झाक असते आणि पानही लहान पर्णिकांचं, म्हणून अनेक मराठी घरांत ते ‘जाई’ म्हणूनच वाढतं. वाढू द्या, सुगंध उत्तम आहे. पिवळ्या फुलांचं मात्र जपून. ते कॅरोलायना जॅस्मिन असेल तर त्याचं नाव जेलसेमियम, आणि ते सर्वांगाने विषारी आहे. लहान मुलं फुलातला मध चोखायला जातात, त्यांना तिथून लांब ठेवा.

मोगऱ्यासाठी नर्सरीत ‘अरेबियन जॅस्मिन’ मागा आणि पाटीवर ‘जॅस्मिनम सांबॅक’ लिहिलंय का ते वाचा. ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’ म्हणजे कमी पाकळ्यांचा मोगरा आणि ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ म्हणजे आपला गच्च पाकळ्यांचा, बटमोगऱ्यासारखा. दुसरा सावकाश वाढतो, धीर धरावा लागतो.

तुमच्याकडची हवा सौम्य आहे खरी, पण आपल्याहून उलटी. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, आणि उन्हाळ्यातही रात्री गार. मोगऱ्याला उबदार रात्री लागतात. म्हणून तो काळ्या किंवा गडद रंगाच्या कुंडीत, दक्षिण किंवा पश्चिमेकडच्या भिंतीला टेकवून ठेवा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. हिवाळ्यातला पाऊस कुंडीत साचू देऊ नका आणि दंव पडायच्या दिवसांत कुंडी आत घ्या. छाटणी पुण्यासारखी जानेवारीत करू नका, मार्च-एप्रिलमध्ये करा. नव्या फुटीवरच कळ्या येतात, आणि जानेवारीत फुटलेली कोवळी फूट थंडीने करपते. भारतातून येताना मोगऱ्याची फांदी बॅगेत घालून आणायचा मोह होतो, तो आवरा. जिवंत रोपं प्रमाणपत्राशिवाय आणि तपासणीशिवाय नेता येत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. कॅलिफोर्नियाच्या हमरस्त्यांच्या मधोमध फुललेल्या कण्हेरी तुम्ही रोज बघता. राज्याच्या दक्षिण भागात त्यांतल्या कितीतरी पान करपण्याच्या एका रोगाने गेल्या. झाडाचा रस शोषणारा एक तुडतुडा त्या रोगाचा जिवाणू पसरवतो आणि तो तुडतुडा मूळचा तिथला नाही.

प्रश्न : कूनूरहून निळ्या फुलांचं हायड्रेंजिया आणलं. इथे पुढच्या वर्षी गुलाबी फुलं आली. रोप बदलून दिलं का?
(नाशिक)

उत्तर : नाही, रोप तेच आहे. माती बदलली. निलगिरीची माती आम्ल, आपली काळी माती चुनखडीची. आम्ल मातीत ॲल्युमिनियम पाण्यात विरघळतं, मुळांतून वर जातं आणि फुलाचा रंग निळा होतो. सामू साडेपाचच्या खाली असेल तर निळा, सातच्या आसपास आणि वर गेला तर गुलाबी. त्यात तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर दर पाण्यागणिक मातीत चुना पडतोय.

निळं हवंच असेल तर जमिनीतून काढून कुंडीत लावा. पानकुजीचं खत आणि कोकोपीट जास्त, बागेची माती नावापुरती. पावसाचं साठवलेलं पाणी द्या. कळ्या दिसायच्या महिना-दोन महिने आधीपासून, पंधरवड्यातून एकदा, पाच लिटर पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवून ओलसर मातीत घाला. तुरटीत ॲल्युमिनियम असतंच. स्फुरदाचं खत त्या काळात टाळा, ते ॲल्युमिनियमला धरून ठेवतं. पांढरं हायड्रेंजिया असेल तर या खटपटीचा उपयोग नाही, ते पांढरंच राहतं. माझं मत विचाराल तर नाशिकला गुलाबीच ठेवा आणि त्याला दुपारची सावली द्या. झाडाला त्याच्या मातीविरुद्ध वर्षानुवर्षं ओढत राहण्यात झाडही शिणतं. छाटणी फुलं संपताच करा. हिवाळ्यात छाटलं तर पुढच्या वर्षीच्या कळ्या गेल्या, कारण त्या जुन्या फांद्यांवरच धरतात.

प्रश्न : तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी आहे, तिला मोठे निळे डोळे आहेत. एका रात्रीत फांदी बोडकी केली. कोणतं औषध मारू?
(कोल्हापूर)

उत्तर : मारू नका. निळे ‘डोळे’ हे डोळे नाहीतच, ती पक्ष्यांना घाबरवण्यासाठीची नक्षी आहे. खरं डोकं पुढे बारीकसं असतं. छेडलं की ती पुढचा भाग फुगवते आणि ते डोळे वटारल्यासारखे दिसतात. ही ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची अळी. काही दिवसांत ती तपकिरी होईल, झाडावरून उतरून पाल्यात शिरेल आणि कोशात जाईल. बाहेर येणारा पतंग हिरव्या, गुलाबी आणि राखाडी वळणांचा, बघत राहावा असा असतो.

ही अळी बागेत कुठे कुठे सापडते त्याची यादी करून बघा : कण्हेर, तगर, सदाफुली, अडेनियम. चारही झाडांची फुलं एकमेकांसारखी नाहीत, पण चौघंही एकाच कुळातली. अळीच्या आईने पानाच्या रसायनावरून ते ओळखलेलं असतं. कण्हेरीवर कॉमन क्रो नावाच्या काळसर फुलपाखराचा कोश चांदीच्या थेंबासारखा चमकत लटकलेला दिसतो, तोही याच कारणाने. ही रसायनं साधीसुधी नाहीत. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी यांचं विष थेट हृदयावर परिणाम करतं. लहानपणी आपण बिट्ट्यांनी खेळलो म्हणून नातवंडांना खेळू देऊ नका. याच कुळातल्या सदाफुलीतून मात्र रक्ताच्या कर्करोगावर वापरली जाणारी व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधं मिळाली.

तगर दणकट आहे, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा पालवेल. अगदीच लहान रोप असेल तर अळी अलगद उचलून मोठ्या कण्हेरीवर नेऊन सोडा. तुमचा पांढरा चाफा रात्री गंध सोडतो, मधुमालती संध्याकाळी उमलते, ते अशाच पतंगांसाठी. अळ्या मारून हे पतंग मिळणार नाहीत.

प्रश्न : बोगनवेलीला रोज पाणी, महिन्याला खत. वेल गच्चीवर पोचली, फूल एक नाही.
(बेळगाव)

उत्तर : पाणी तोडा. खत बंद करा. बोगनवेलीला सुखात ठेवलं की ती नुसती पानं वाढवते. पावसाळा संपला की हलकी छाटणी करून घ्या, मग पान किंचित मलूल झाल्याशिवाय पाणी देऊ नका. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या, मुळांना ताण बसला आणि दिवसाला सहा तास ऊन मिळालं की ती फुलते, आणि आपल्याकडे हे सगळं डिसेंबरपासून एकदम जुळतं. आपण जे रंगीत फूल म्हणतो ती तीन पानं आहेत. खरं फूल म्हणजे त्या प्रत्येक पानाच्या शिरेवर चिकटलेली बारीक पांढरी नळी. ही वेल फिलिबेर कोमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1767 साली रिओ दि जानेरोत टिपली. त्याच्या मदतनिसाच्या वेषात जहाजावर वावरणारी व्यक्ती म्हणजे जान बारे. ती स्त्री होती, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री तीच. जहाजाच्या मोहिमेचा प्रमुख होता बूगनव्हिल, त्याचं नाव वेलीला मिळालं. जमवाजमवीचं कष्टाचं काम जिने केलं तिचंही नाव आपल्या ओठांवर असावं, म्हणून इथे लिहिलं.

पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना एक कृपा करा. फुलाच्या फोटोबरोबर पानाच्या दोन्ही बाजूंचा, फांदीवर पानं कशी लागली आहेत त्याचा आणि पूर्ण झाडाचा फोटो पाठवा. पान तोडल्यावर चीक आला की नाही, दिवसाला किती तास ऊन मिळतं, आणि पाणी नळाचं की बोअरचं, हेही लिहा. पुण्यातल्या वाचकांनी जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन चुकवू नये. 1830 साली स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही बाग सांभाळते. तिथे गेलात की कुंडीतल्या फुलांवर नजर टाकून पुढे जाऊ नका. जुन्या झाडांखाली थांबा, पडलेलं पान उचला आणि घरच्या झाडाशी ताडून बघा.